थंडीत झाडं झोपतात? साताऱ्यात नाही हो

दिवाळी झाली की तो मेसेज फिरायला लागतो. यंदा मला चार ग्रुपवर आला, भिशीच्या, शाळेतल्या मैत्रिणींच्या, बिल्डिंगच्या आणि माहेरच्या सुद्धा. मजकूर थोडक्यात असा: थंडीत झाडं झोपतात, त्यामुळे फेब्रुवारीपर्यंत पाणी जवळजवळ बंद, खत बंद, छाटणी नाही, नवीन बी टाकायचं नाही, दवाने पानं जळतात म्हणून रात्री झाडं प्लास्टिकने झाकायची आणि पाणी घालायचंच झालं तर कोमट करून घालायचं.

मी सोडून दिलं असतं, पण आमच्या शेजारच्या काकूंनी ते मनापासून पाळलं. त्यांच्या गच्चीवर शेवंतीच्या 11 कुंड्या, कळ्यांनी लगडलेल्या. पंधरा दिवसांनी मी कपडे वाळत घालायला वर गेले तर सगळ्यांनी माना टाकलेल्या, एक कुंडी उचलून बघितली तर रिकाम्या डब्यासारखी हलकी, माती आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटलेली आणि मधे बोट जाईल एवढी फट. काकू म्हणाल्या, "झोपलीत गं ती, फेब्रुवारीत उठतील." मला इतकं वाईट वाटलं की त्याच रात्री हे लिहायला बसले.

पहिलं झोपेचं. झाडं झोपतात हे खरंय, पण कुठे ते बघा ना. युरोपात, कॅनडात, आपल्याकडे काश्मीर-हिमाचलात जमीनच गोठते, मातीतल्या पाण्याचा बर्फ झाला की मुळांना ते ओढता येत नाही, आणि पानं राहिली तर त्यांतून पाणी उडतच राहणार, म्हणून झाड आधीच पानं गाळून गप्प बसतं. सफरचंदाला तर ती झोप लागतेच, 7 अंशांच्या खालचे तास मोजतात तिकडे, जुन्या जातींना असे हजारभर तास मिळाले नाहीत तर फुलोरा धड येत नाही. साताऱ्यात डिसेंबरात पहाटे 11-12 अंश असलं तरी दुपारी 28-29 होतंच की. माती गोठायचा प्रश्नच नाही, उलट पाऊस नाही, हवा कोरडी आणि कुंडी दिवसभर उन्हात.

आणि थंडीत झाडं झोपत असती तर महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी कुठून आली असती? माझी आत्या त्या भागातच असते, तिच्याकडे ऑगस्ट-सप्टेंबरात गादीवाफ्यावर रोपं लागतात, खाली मल्चिंग पेपर, आत ड्रिपची नळी, आणि नोव्हेंबर-डिसेंबरपासून फळ सुरू होतं ते पार एप्रिलपर्यंत. स्ट्रॉबेरीच्या या जातींना फुलायला लहान दिवस आणि गार रात्रीच लागतात. 2010 साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेलं हे पीक आख्ख्या जिल्ह्यातल्या सगळ्यात थंड भागात, सगळ्यात थंड महिन्यांत, रोज ड्रिप आणि ड्रिपमधूनच खत घेऊन वाढतं. आत्याला तो मेसेज वाचून दाखवला तर म्हणाली, "पाणी बंद केलं तर आम्ही खायचं काय?"

दवाचं मात्र नीट समजून घेऊया, कारण त्यात थोडं खरं मिसळलंय. दवाने पान जळत नाही, हवेतल्या वाफेचं पाणी होताना उलट थोडी उष्णताच सुटते. जळतं ते दव गोठल्यावर. महाबळेश्वरच्या वेण्णा लेकच्या काठाला बहुतेक वर्षी एकदोनदा तरी गाड्यांच्या टपावर, गवतावर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरे हिमकण दिसतात आणि पेपरात फोटो येतात. पण त्याच पहाटे वर बाजारपेठेत पारा कितीतरी जास्त असतो. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमीन रात्रभर उष्णता आभाळाकडे सोडत राहते, तिच्यालगतची हवा गार होऊन जड होते आणि पाण्यासारखी उतरत उतरत खोलगट जागेत साचते. म्हणजे उंची एवढंच कारण नाही, खड्डा हेही कारण आहे. गावातल्या तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर हे होत नाही.

आणि ज्यांच्याकडे होतं त्यांनीही प्लास्टिक नका टाकू. पातळ प्लास्टिकमधून ही उष्णता निघूनच जाते, पान त्याला चिकटलं की तिथेच आधी करपतं, आणि सकाळी काढायला उशीर झाला तर आत उन्हाने झाड शिजतं. जुनी चादर किंवा गोणपाट चार काठ्यांवर टाका, पानांना टेकू देऊ नका, ऊन आलं की काढा. आणखी एक, थंडीच्या रात्री ओली माती कोरडीपेक्षा जास्त ऊब धरते. निफाडकडचे द्राक्षवाले कडाका पडला की बागेला पाणी सोडतात, शेकोट्या करतात, आणि आपण ऐन त्याच दिवसांत कुंडी कोरडी ठेवायची?

कोमट पाण्याचं एका वाक्यात: विहिरीचं, बोअरचं पाणी पहाटे हाताला कोमटच लागतं, टाकीतलं गार वाटलं तर नऊ-दहाला घाला, गॅस कशाला जाळायचा.

छाटणीचा नियमही बर्फाच्या प्रदेशातलाच. तिकडे गुलाब थंडी सरताना छाटतात, कारण आधी छाटला तर कोवळी फूट बर्फात मरते. आपल्याकडे पाऊस उघडल्यावर, दसऱ्याच्या मागेपुढे छाटायचा, दीड-पावणेदोन महिन्यांत फुलं येतात आणि ती वर्षातली सगळ्यात मोठी फुलं असतात, गार हवेत पाकळ्या सावकाश उघडतात ना. ज्यांची तेव्हा राहून गेली आणि मग मेसेज वाचून ज्यांनी छाटणी टाळली त्यांचा यंदाचा तो बहर गेला. खताचंही तेच, कळ्या धरलेल्या झाडाला उपाशी ठेवून कसं चालेल. शेंगपेंड तीन-चार दिवस भिजवायची, दहापट पाणी मिसळून पंधरा दिवसांनी घालायची, एवढं पुरतं.

बियांचं म्हणाल तर भेंडी, गवार, काकडी, दोडका आत्ता टाकू नका, ही उबेची पिकं आहेत. पण मेथी, पालक, मुळा, गाजर, वाटाणा यांचे हेच दिवस. कोथिंबीर तर उन्हाळ्यात वितभर होईतो तुऱ्यावर जाते, आत्ता धने रगडून टाका, उगवायला आठ-दहा दिवस घेईल पण नंतर महिनाभर खुडत राहाल.

झोपणारी झाडं आपल्याकडेही आहेत, नाही असं नाही. फुटबॉल लिली पानं टाकून कांद्यात जाते, हळदीचा पाला वाळतो, अडेनियम मंदावतं, यांचं पाणी खरंच कमी करा. बाकीच्यांसाठी बोट मातीत दोन पेरं खुपसायचं, कोरडं लागलं तर तळातून पाणी निघेपर्यंत घालायचं, ओलं लागलं तर उद्या बघायचं. कॅलेंडर बघून पाणी बंद करू नका प्लीज.

काकूंच्या कुंड्या आम्ही दोघींनी तासभर बादलीत बुडवून ठेवल्या, बुडबुडे थांबेपर्यंत. फुलं नाही वाचली. पण वाळलेल्या काड्या वितभर ठेवून कापल्या तेव्हा 7 कुंड्यांत बुडाशी हिरवे फुटवे दिसले, करंगळीच्या नखाएवढे. कुणाची शेवंती अशी वाळली असेल तर उपटून टाकू नका, आधी बुडाशी माती बाजूला सारून बघा.