लॅबमधला हिरा नकली नसतो

निपाणी, चिकोडी, खानापूरकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘कॅन्सरची लाईट (रेडिएशन) मोजायला आता नकली हिरे वापरतात, त्यामुळे डोस चुकतो, शिवाय लॅबचा हिरा स्वतःच किरणं सोडतो.’ निपाणीच्या आमच्या मावशीनं हे वाचून शुक्रवारची लाईटच चुकवली. म्हणून लिहायला बसलोय.

आधी ‘नकली’चं बघू. बेळगावात शहापूरच्या सराफ गल्लीत अमेरिकन डायमंडवर हिरा ओळखायचा टेस्टर टेकवा, तो गप्प बसतो. लॅबच्या हिऱ्यावर टेकवला की हिरा म्हणूनच वाजतो, कारण तो कार्बनच आहे आणि अणूंची मांडणीही तीच. एक जमिनीच्या पोटात घडला, दुसरा मिथेन आणि हायड्रोजनच्या तप्त प्लाझ्मात, म्हणजे विजेनं भारलेल्या वायूत.

मापाबाबत तर मेसेजनं गोष्ट उलटीच केलीय. किरण हिऱ्यात शिरले की इलेक्ट्रॉन सुटतात, बारीकसा करंट वाहतो, त्यावरून डोस काढतात. पूर्वी यासाठी खाणीतले हिरे घ्यायचे आणि खरी डोकेदुखी तीच होती. प्रत्येक खड्यात नायट्रोजन वेगळा, दोष वेगळे, म्हणून उत्तरही वेगळं. एकेक खडा निवडावा लागे. लॅबमध्ये शुद्धता आपल्या हातात असते. मुळात हिराच का? कार्बनचा अणुक्रमांक ६, आपल्या मांसाचा सरासरी साडेसातच्या आसपास, दुसऱ्या काही डिटेक्टरांतल्या सिलिकॉनचा मात्र १४. म्हणजे हिरा किरणं बरीचशी शरीरासारखीच शोषतो. शिवाय घन असल्यानं इवलासा तुकडा पुरतो. मेंदूतल्या छोट्या गाठीवरचा किरणांचा झोत, म्हणजे बीम, इतका अरुंद असतो की मोठं आयन चेंबर (किरणं मोजायची हवेची डबी) तिथं कमी डोस दाखवतं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या लहान बीमसाठीच्या २०१७च्या नियमावलीत हिऱ्याचा डिटेक्टरही आहे.

एक गोष्ट खरी: सुरुवातीला हिऱ्याचं रीडिंग थोडं हलतं. म्हणून आधी त्याला काही ग्रे (डोसचं एकक) डोस देतात, रीडिंग स्थिरावलं की मगच मोजतात. आणि हे सगळं पाण्याच्या टाकीत, पेशंट नसताना. मशीनचं नेहमीचं माप बहुतेक ठिकाणी आयन चेंबरनंच घेतात.

हिरा किरणं सोडत नाही. त्यातला कार्बन स्थिर असतो. बीम बंद झाला की करंटही थांबतो.

मावशीला फोनवर हेच सांगितलं. चुकलेली लाईट डॉक्टरांना विचारून भरून काढायची असते. सोमवारी सकाळच्या एसटीनं ती बेळगावला येतेय, मी स्टँडवर घ्यायला जाणार आहे.