पांढरी हमाली

हिमवर्षावावर कविता करणारा माणूस आणि हिमवर्षावानंतर सार्वजनिक पायवाट मोकळी करणारा माणूस, हे दोघे सहसा एकच नसतात. पहिला खिडकीच्या आत असतो. दुसरा बाहेर उभा राहून हिशेब करत असतो. वाट दीड मीटर रुंद, एक किलोमीटर लांब, आणि तिच्यावर रात्रीतून पडलेला १० सेंटिमीटर बर्फ. म्हणजे १५० घनमीटर माल. ताजा, कोरडा, भुसभुशीत बर्फ घनमीटरला ५० ते १०० किलो भरतो. १०० धरला तर झाले १५ टन. ओला पडला तर दुप्पट, कधी तिप्पट. एवढा माल ट्रकमधून उतरवायचा असता तर कोणीही मजुरी आधी ठरवून घेतली असती. इथे माल न मागता येतो, पोचपावती कोणी मागत नाही, आणि परत न्यायला तर कोणीच येत नाही.

तरीही माझं ठाम मत असं, की बर्फ हटवणं हा यातला सोपा भाग आहे. खरा छळ बर्फ करत नाही, त्याचं पाणी करतं. दुपारी ऊन पडतं, कडेचा ढीग पाझरायला लागतो, पाणी उतार धरून वाटेवर येतं आणि सूर्य कलला की तिथेच मुक्काम ठोकतं. सकाळी त्या जागी जो पातळ, पारदर्शक थर असतो तो डोळ्यांना दिसत नाही. त्याची पहिली बातमी माकडहाडाला लागते.

म्हणून ढीग कुठल्या बाजूला घालायचा, हा या धंद्यातला सगळ्यात मोठा प्रश्न. उत्तर एका ओळीचं आहे: उताराच्या खालच्या बाजूला. वरच्या बाजूला घातला, तर ढिगाचं सगळं पाणी वाट ओलांडूनच खाली जाणार. एवढी साधी गोष्ट, पण हातात फावडं आलं की माणसाला फक्त जवळची बाजू दिसते. वाटेच्या दोन्ही अंगांना चढ असेल, तर ढिगात दर काही मीटरवर फावडंभर रुंदीची खाच पाडावी आणि मोरीचं तोंड उकरून मोकळं ठेवावं. मोरी बुजलेली असताना वाट झाडणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. फरक इतकाच, की इथे ते पाणी रात्री गोठतं.

आता मोरी कुठे आहे हे बर्फाखाली कळणार कसं? त्यासाठी काठ्या. जमीन गोठायच्या आत, म्हणजे पहिल्या बर्फाच्या बऱ्याच आधी, सव्वा ते दीड मीटर उंचीच्या काठ्या वाटेच्या दोन्ही कडांना, मोरीच्या तोंडाशी, बाकांपाशी, कापलेल्या झाडांच्या बुंध्यांपाशी रोवून ठेवायच्या. जमीन गोठल्यावर हेच काम पहारीने करावं लागतं आणि तेव्हा पहार जिंकत नाही. काठीचा रंग नारिंगी असावा. पांढऱ्या काठ्या सुचवणारा एक तरी सभासद प्रत्येक समितीत असतोच, त्याला चहा आणायला पाठवावं. मोऱ्यांमधला पालापाचोळाही याच वेळी काढायचा. फांद्या छाटताना डोक्यापेक्षा बऱ्याच वर छाटायच्या, कारण दोन गोष्टी एकाच वेळी घडतात: बर्फाच्या वजनाने फांदी खाली येते आणि तुडवून घट्ट झालेल्या बर्फामुळे चालणारा वर जातो. दोघांची भेट कपाळाच्या उंचीवर होते. बर्फाने वाकलेली फांदी काठीने झोडपू नये. गोठलेलं लाकूड ठिसूळ असतं, काडकन मोडतं. खालून हाताने हळूच उचलून हलवली, की ती आपला भार सोडते. बहुतेक वेळा आपल्या कॉलरमध्ये.

हत्यारांचं बोलू. फावडी दोन जातींची: ढकलायची आणि उचलायची. शहाणा माणूस ढकलतो. ओल्या बर्फाचं एक फावडं सहज सात किलो भरतं. मिनिटाला दहा फावडी मारली तर पाव तासात टनाच्या वर माल हलवून होतो, आणि तोही कंबरेत वाकून, दम रोखून, थंडीने रक्तवाहिन्या आखडलेल्या असताना. रक्तदाब अशाच वेळी उसळी मारतो. हृदयाचं दुखणं असेल त्याने फावडं दुसऱ्याच्या हाती द्यावं आणि सूचना कराव्यात. सूचना करणाऱ्यांची तशीही कधी टंचाई नसते. बर्फ पडत असताना दर पाच-सात सेंटिमीटरला एक फेरी मारणं हे तीस सेंटिमीटर साचू देऊन मग कंबर कसण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. फावड्याच्या पात्याला मेण चोळलं तर बर्फ चिकटत नाही. न चोळलं तर प्रत्येक फेकीत अर्धा बर्फ फावड्यासकट परत येतो आणि काम केल्याचा भास मात्र पूर्ण होतो.

आणि पाय पडायच्या आत वाट झाडायची. वाटेवरून लोक आधी चालून गेले, की बर्फ दाबला जातो, कण एकमेकांना धरतात आणि प्रत्येक पावलाखाली एक घट्ट लादी तयार होते. बाकीचा बर्फ फावड्यात येतो, या लाद्या जागच्या हलत नाहीत. पहाटे उठून वाट झाडणाऱ्याचा खरा शत्रू पहाटे उठून फिरायला जाणारा असतो. आरोग्याच्या नावाखाली तो काय पेरून जातो, याची त्याला कल्पनाही नसते.

मग कोणीतरी म्हणतं, ‘अहो, मशीन का नाही घेत?’ घेतो. मशीनचाही इतिहास बरा आहे: १९२५ च्या सुमारास कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात आर्थर सिकार यांनी स्वतःच्या चाकांवर फिरणारा स्नो ब्लोअर, म्हणजे बर्फ ओढून लांब फेकणारं यंत्र, उभा केला, आणि त्यांना ही कल्पना मळणीयंत्र पाहून सुचली असं सांगतात. पायवाटेसाठी हाताने चालवायचं छोटं यंत्र मिळतं, त्याचे दोन प्रकार. पहिल्यात एकच फिरता स्क्रू असतो, रबरी कडा जमिनीला घासत चालते. डांबरी किंवा काँक्रीटच्या वाटेवर उत्तम. खडीच्या वाटेवर हेच यंत्र बर्फ कमी आणि खडी जास्त फेकतं, तीही ज्या वेगाने फेकतं त्यात वाटसरूंबद्दल कसलीच आपुलकी नसते. दुसऱ्या प्रकारात स्क्रू बर्फ आत ओढतो आणि मागचा पंखा तो धुराड्यासारख्या नळीतून लांब उडवतो. याच्या दोन्ही बाजूंना घसरपट्ट्या असतात. खडीवर त्या दोन-तीन सेंटिमीटर खाली सोडून तोंड तेवढं वर उचलून घ्यायचं. खाली थोडा बर्फ राहतो, राहू द्यावा. खडी जागेवर राहते.

या यंत्राच्या स्क्रूला एक मऊ धातूची पिन असते. दगड किंवा गोठलेली फांदी अडकली की ती तुटते. तुटणं हेच तिचं काम, कारण ती तुटते म्हणून गिअरबॉक्स वाचतो. खिशात चार पिना ठेवल्या की प्रश्न मिटला. पण पिन सारखी तुटते म्हणून वैतागून तिथे पोलादी बोल्ट ठोकणारे महाभाग असतात. पुढच्या दगडाला बोल्ट अभेद्य राहतो आणि नवा गिअरबॉक्स घ्यावा लागतो.

तापमान शून्याच्या आसपास असलं की ओला बर्फ धुराड्यात बसतो. इंजिन बंद करायचं, सगळं फिरायचं थांबेपर्यंत थांबायचं आणि काठीने मोकळं करायचं. हात घालायचा नाही. इंजिन बंद असतानाही पंखा फिरवणाऱ्या पट्ट्यात ताण अडकलेला असू शकतो. अडथळा सुटला की पंखा एक झटका देतो, आणि त्याला बोटं पुरेशी होतात. या एका मुद्द्यावर मी विनोद करत नाही.

वाऱ्याची गोष्ट वेगळीच. बर्फ पडायचा थांबला तरी वारा शेजारच्या माळावरचा बर्फ उचलून नेमका झाडलेल्या वाटेवर आणून टाकतो. ये रे माझ्या मागल्या. उपाय आहे: वाऱ्याच्या बाजूला झिरपं कुंपण. अर्धं भरीव, अर्धं पोकळ, खालीही थोडी फट सोडलेलं. वारा त्यातून जाताना मंदावतो आणि हातातला माल कुंपणाच्या मागे टाकून देतो. हा ढिगारा कुंपणाच्या उंचीच्या ३५ पट अंतरापर्यंत पसरू शकतो. म्हणजे १.२ मीटर उंचीचं कुंपण वाटेपासून निदान ४२ मीटर लांब हवं. ते डोळ्यांसमोर राहावं म्हणून अगदी वाटेला खेटून लावलं, तर वारा सगळा ढिगारा वाटेवरच रचतो, आणि मग लोक म्हणतात, कुंपणाने काही होत नाही. होतं, फार होतं.

साकवाला मात्र वेगळे सोवळे-ओवळे पाळावे लागतात. त्याच्या वरूनही थंड हवा आणि खालूनही, त्यामुळे आजूबाजूची वाट ओली असते तेव्हा साकव गोठलेला असतो. लोखंडी पातं फळ्यांवर चालवलं तर ते वर आलेल्या स्क्रूच्या डोक्यात अडकतं आणि फावड्याचा दांडा पोटात शिरतो. प्लॅस्टिकचं पातं, ताठ काड्यांचा खराटा आणि सबुरी, एवढंच साहित्य. यंत्र न्यायचं असेल तर आधी साकवाची भारक्षमता वाचावी; ती पाटीवर उगाच लिहिलेली नसते. मीठ तर नकोच, खिळे-स्क्रू सगळे गंजतात.

मिठाचा विषय निघालाच आहे तर. ‘थोडं मीठ टाका की’, हा सल्ला चालता चालता आणि न थांबता दिला जातो. मीठ काम करतं, पण त्याची एक औकात आहे. उणे १ अंशाला किलोभर मीठ चाळीसहून अधिक किलो बर्फ वितळवतं. उणे १२ अंशांना तेच मीठ जेमतेम पाच किलोवर दमतं, तेही रेंगाळत. प्रयोगशाळेत २३.३ टक्के मिठाचं पाणी उणे २१ अंशांपर्यंत गोठत नाही हे खरं, पण वाट प्रयोगशाळेत नसते. म्हणून उणे दहाच्या खाली मीठ टाकणं म्हणजे तेलही गेलं, तूपही गेलं: मीठ संपतं, बर्फ राहतो. जाड थरावर टाकलं तर ते नुसती भोकं पाडतं. मिठाचा खरा उपयोग बर्फ पडायच्या आधी, द्रावण फवारून. मग बर्फ जमिनीला चिकटत नाही आणि सहज ढकलला जातो. पण झाडाझुडपांतून, ओढ्याकाठाने जाणाऱ्या वाटेवर मी मिठाच्या विरोधात मत देतो. मिठातलं क्लोराइड कुठे नाहीसं होत नाही. मातीत जातं, मुळांना जाळतं, ओढ्यात जातं. कुत्र्यांचे पंजेही चुरचुरतात, आणि कुत्र्यांचे मालक तक्रार करण्यात मागे नसतात.

त्यापेक्षा कच. टोकदार, दोन ते पाच मिलिमीटरची बारीक खडी. नदीतली गोल वाळू दिसायला छान, पण बुटाखाली गोट्यांचं काम करते. कच बर्फ वितळवत नाही, फक्त पाय रोखते, आणि तेवढंच हवं असतं. ती झाकून, कोरडी ठेवावी, नाहीतर ढीगच गोठतो आणि घसरण थांबवणाऱ्या खडीवर आपणच पहार घेऊन घसरत बसतो. तीही कायमची नसते: उन्हात तापून बर्फात रुतते, रात्री तिच्यावर नवा पापुद्रा येतो, सकाळी पुन्हा घमेलं उचलायचं. कोणी गरम पाणी ओतायला सुचवलं, तर त्याला हसून नमस्कार करावा. सांडलेलं पाणी नंतर काय होतं, ते वर सांगून झालं आहे.

गावापासून लांबच्या वाटा झाडायच्याच नसतात. तिथे बर्फ दाबून घट्ट करतात. यंत्रामागे लाटण्यासारखा रूळ किंवा जड चौकट ओढत एक फेरी, की कण मोडून एकमेकांना धरतात आणि थंड रात्रीत तो पृष्ठभाग छान कडक होतो. लगेच कोणी चाललं तर सगळं फुकट. दुपारी बर्फ मऊ असताना साध्या बुटांनी गेलेला एक माणूस गुडघ्याएवढ्या खड्ड्यांची रांग सोडून जातो; ती रात्री गोठते आणि दुसऱ्या दिवशी घोटे मुरगळायला तयार असते. पाय घोट्यापेक्षा खोल जात असेल तर बर्फपादुका, म्हणजे पाय रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायच्या रुंद चौकटी, घालाव्यात किंवा परत फिरावं. शेजारी स्कीसाठी कोरलेल्या दोन समांतर रेषा असतील, तर त्या चालण्यासाठी आखलेल्या नाहीत, हेही ओघाने आलं.

सगळी वाट एकदम होत नाही. आधी पायऱ्या, चढ, साकव, रस्ता ओलांडायच्या जागा; सपाट, उन्हातला तुकडा शेवटी. पायऱ्या वरून खाली, प्रत्येक पायरी थेट कडेपर्यंत, कारण कडेला राहिलेल्या चार बोटं बर्फावरच पाय पडतो. आणि एखादा तुकडा होणार नसेल तर तिथे पाटी लावून तो बंद करावा. अर्धवट झाडलेली वाट न झाडलेल्या वाटेपेक्षा वाईट: न झाडलेलीवर माणूस जपून चालतो, अर्धवट झाडलेलीवर तो फोन काढतो.

बर्फ गेला की सुटलो, असं वाटत असेल तर नाही. वरची माती सुटलेली आणि खालची अजून गोठलेली, त्यामुळे पाणी मुरत नाही आणि वाटेचा चिखल होतो. लोक चिखल टाळून कडेने चालतात, मग कडेचाही चिखल होतो, आणि दीड मीटरची वाट बघता बघता चार मीटरची होते. चिखलातून सरळ मधून चालावं. बूट धुता येतात. गोठून फुगलेल्या मातीने वर उचललेले पाट्यांचे खांब पुन्हा ठोकून घ्यावेत, उरलेली कच झाडून पुढच्या वर्षासाठी भरून ठेवावी. काठ्या मात्र जमीन पूर्ण मोकळी झाल्यावरच उपटाव्यात. घाई केली तर वरचा अर्धा भाग हातात येतो आणि खालचा अर्धा, चांगला टोकदार, सायकलवाल्यांची वाट बघत तिथेच राहतो.