गाजराचा ज्यूस प्या आणि गप पडा

डोळे चांगले ठेवायचेत ना? मग डॉक्टरपासून लांब राहा. मागच्या आठवड्यात अण्णांना, म्हणजे माझ्या चुलत्यांना, डोळे दाखवायला मिरजेला नेलं. तेव्हापासून या विषयातलं माझं ज्ञान फार वाढलंय. फुकट वाटतोय, घ्या.

आधी गाजर. रोज सकाळी ग्लासभर ज्यूस, वर दोन चमचे साखर. अण्णांना बारा वर्षं शुगर आहे, पण ज्यूस डोळ्यांसाठी आहे ना, मग चालतो. अ जीवनसत्त्व कमी पडलं तर रातांधळेपणा येतो, तिथं गाजर उपयोगी पडतं. त्यानं चष्म्याचा नंबर उतरत नाही, हे मात्र कुणाला सांगू नका, मोबाइलवरचे सगळे काका नाराज होतील. बांधावरच्या शेवग्याच्या पाल्यातही तेच जीवनसत्त्व असतं. पण तो शेळीला घाला. फुकटच्या पाल्याला कसला आलाय गुण!

उसाचं पात डोळ्याला लागलं तर मेडिकलमधून मागच्या वेळचाच ड्रॉप आणा. त्यात स्टिरॉइड असलं तर बुरशीची चंगळ.

चाळिशी लागली की बाजारातून शंभराचा चष्मा घ्या. पेपर वाचता आला, म्हणजे डोळे पास. काचबिंदू दुखत नाही, खुपत नाही, गुपचूप कडेची नजर खातो, आणि गेलेली नजर परत येत नाही. कटकटच नाही!

राहिले थेंब. डोळ्याची बाहुली मोठी करायला तपासणीआधी घालतात ते. ते कधीच घालून घेऊ नका. "थेंब घातलं की दिस बुडतो, गाडी चालवता येत न्हाई," हे अण्णांचं बारा वर्षांचं पालुपद. तीन-चार तास अंधुक दिसतं, खरंय. पण त्याशिवाय आतला पडदा नीट दिसत नाही, आणि शुगरवाल्याचा पडदा तर दरवर्षी बघायचा असतो. अण्णांचा एकदाही बघितला नव्हता. बारा वर्षांत बारा दिवस बुडाले असते. सोसायटीच्या निवडणुकीत, जत्रेत, कुणाच्या तरी बारशात किती बुडाले ते विचारू नका. डॉक्टरांनी उजव्या डोळ्यावर हात ठेवला आणि भिंतीवरचं मोठं अक्षर वाचायला सांगितलं. अण्णा हसत म्हणाले, "अक्षर कुठाय?" आम्ही सगळे गप्प. मग अण्णांनी स्वतःच तो हात काढून बघितलं, परत ठेवला, परत काढला. डाव्या डोळ्यात रक्त उतरलं होतं, कधीचं ते कुणालाच माहीत नाही. उजवा दोघांचं काम करत होता, म्हणून बांध, पैसे, टीव्ही सगळं दिसत होतं.

गंमत पुरे. शुगर निघाली त्याच वर्षी पडदा का दाखवला नाही, अहो? ट्रॅक्टरचं ऑइल बदलायची तारीख तोंडपाठ, बैलाचा दात मोजता, आणि स्वतःचा एक डोळा झाकून बघायला बारा वर्षं लागतात? दिसतंय म्हणजे डोळा चांगला, हे कुणी सांगितलं तुम्हाला? गाडी चालवता येत नाही म्हणता, घरात तीन पोरं गाड्या उडवत फिरतात, त्यातलं एक सोबत न्यायला काय झालं होतं? आणि ती पोरं तरी कधी विचारतात का? त्यांच्यातलाच एक मी.

अण्णा, सोमवारी लेझरची तारीख आहे. उसाला पाण्याची पाळीही सोमवारीच आहे, ठाऊक आहे मला. मोटर मी बघतो. तुम्ही पोराबरोबर गाडीत बसा.