परदेशातून : गृहभेटीनंतर बाईंनी बोलायचं कोणाशी?

माझी वहिनी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे आणि मी इंग्लंडमध्ये, लीड्सला, बाल संरक्षणाचं काम करते. मागच्या महिन्यात तिचा फोन आला. "सोळा वर्षांच्या पोरीचं लग्न ठरलं हाये ताई. बाप गेला, डोक्यावर कर्ज. १०९८ ला फोन केला, तर उद्या त्याच दारात पोषण आहार घेऊन कशी जाऊ?" मुलांसाठीच्या या मदत क्रमांकावर फोन करणाऱ्याचं नाव गुप्त राहतं खरं, पण ऐंशी घरांच्या गावात कोणी केला हे सांगावं लागत नाही.

असं प्रकरण उघड झालं की आपल्याकडे एकच मागणी होते : सेविकांना, ग्रामसेवकांना प्रशिक्षण द्या. वहिनीचं झालंय की! तालुक्याच्या सभागृहात एक दिवस, २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा, २०१५ चा बाल न्याय कायदा, जेवण, सह्या. कायदा तिला कळतो. त्या आईसमोर बसल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं, हे तिला कोणी दाखवलेलं नाही.

इथे समाजकार्याच्या पदवीआधीच १७० दिवस प्रत्यक्ष कामात काढावे लागतात. नोकरीच्या पहिल्या वर्षी कामाचा बोजा थोडा कमी असतो आणि पहिले सहा आठवडे दर आठवड्याला वरिष्ठांसोबत बैठक होते. माझ्या वरिष्ठ बाई आधी विचारायच्या, "त्या घरात तुला भीती वाटली का?" एकदा वाटली होती. बाप दारातच उभा होता, म्हणून मी मुलाला नीट न बघताच 'ठीक' लिहून परतले होते. त्या प्रश्नामुळे दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

इथलं सगळं उचलून न्यावं असं मी मुळीच म्हणणार नाही. २००० साली लंडनमध्ये आठ वर्षांची व्हिक्टोरिया क्लिंबी छळ होऊन मेली. तिला वाचवायच्या किमान १२ संधी यंत्रणेनं घालवल्या, असं चौकशीत निघालं. आजही मी दार वाजवलं की गरीब आईला वाटतं, ही लेकरू न्यायला आली. वहिनीला तीच आई चहा विचारते. हा विश्वास कुठल्याही अभ्यासक्रमात शिकवता येत नाही आणि आपण तो एकटीच्या जिवावर सोडून दिलाय.

म्हणून माझी मागणी साधी आहे. सेविकांच्या मासिक बैठकीत रजिस्टरं मिटून एक तास एकाच कुटुंबावर बोला. जिल्हा बाल संरक्षण कक्षातलं कोणीतरी तिथं बसावं आणि अवघड गृहभेटीला सेविकेसोबत जावं. लग्न थांबवायला निघताना, पालक गमावलेल्या मुलांना दरमहा मदत देणाऱ्या बालसंगोपन योजनेचा अर्जही हातात असावा, कारण त्या घरात कर्ज तसंच राहणार आहे.

वहिनीनं फोन केला, लग्न थांबलं. आता ती आई तिच्याशी बोलत नाही. पोषण आहार मदतनीस पोचवते.