सही केली नाही म्हणजे भित्रा?

आत्ताच पिकनिकवरून आले. अजून पाय धुतले नाहीत, चहा टाकला नाही, आधी हे लिहायला बसलेय. नाहीतर रात्री झोप लागायची नाही.

दर चार जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, आम्ही इथली मराठी मंडळी पार्कात जमतो. वडापाव, भाजलेली कणसं, पोरांची संगीत खुर्ची आणि शेवटी अमेरिकेच्या इतिहासावर प्रश्नमंजुषा. यंदाचा सातवा प्रश्न: 'स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करायला घाबरलेला पुढारी कोण?' चार पर्याय. उत्तर म्हणे जॉन डिकिन्सन.

मी उभीच राहिले. म्हटलं, प्रश्न चुकीचा आहे, तो माणूस घाबरला नव्हता. त्यावर माइकवरून उत्तर आलं, "ताई, सही केली का त्यानं? नाही ना? मग!"

सगळे हसले. नवऱ्यानं ओढणी ओढली. शेजारची म्हणाली, अगं जाऊ दे ना, कणसं गार होतायत.

आणि हे कुठे, तर डेलावेअर राज्यातल्या आमच्या डोव्हरमध्ये! डिकिन्सनचं घर इथून गाडीनं पंधरा मिनिटांवर आहे. आपल्यापैकी निम्म्यांनी पाहुण्यांना तिथं नेऊन त्या विटांच्या घरासमोर फोटो काढलेत. आत काय लिहिलंय ते वाचायची तसदी कुणी घेत नाही, ते जाऊ दे.

पण खरं सांगायचं तर मला डिकिन्सनपेक्षा ते "मग!" लागलं. ते मी आधी ऐकलंय.

१९७७. सोलापूर. मी आठ वर्षांची. अण्णा सरकारी कचेरीत कारकून. महागाई भत्ता केंद्राप्रमाणे द्या म्हणून राज्यभर संपाची हवा तापलेली. अण्णांच्या कचेरीत सभा झाली, ठराव लिहिला, खाली एकेकानं सही करायची. अण्णा उठले आणि म्हणाले, मागणी शंभर टक्के बरोबर आहे, पण आत्ता नको. आधी फंड जमवा. शिपायांच्या घरी दोन महिन्यांची ज्वारी आहे का ते बघा. मग उतरू. मागून कुणीतरी ओरडलं, "साहेबाचा माणूस!" अण्णांनी सही केली नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत एका मुलीनं मला विचारलं, तुझे बाबा फुटले का गं? सही केली नाही ना? मग!

तर आता डिकिन्सन. जन्म १७३२, मेरीलँडचा. बाप तालेवार, इथे डेलावेअरमध्ये सेंट जोन्स नदीच्या काठी हजारो एकर जमीन. पोरगा वकिली शिकायला थेट लंडनला, मिडल टेंपल नावाच्या वकिलांच्या संस्थेत. परत येऊन फिलाडेल्फियात जोरदार वकिली. १७६५ साली स्टॅम्प ॲक्टविरुद्ध (म्हणजे इंग्रजांनी कागदपत्रांवर बसवलेल्या कराविरुद्ध) अमेरिकेतल्या इंग्रजी वसाहतींची परिषद भरली, तिचा ठराव लिहिणारा हा. १७६७ साली इंग्रजांनी काच, कागद, रंग, चहा यांच्यावर जकात बसवली तेव्हा वर्तमानपत्रांतून लागोपाठ बारा पत्रं लिहिणारा हा. खाली नाव काय, तर 'पेनसिल्व्हेनियातला एक शेतकरी'. (लंडनला शिकलेला वकील आणि म्हणे शेतकरी! आपल्याकडे पुण्यात फ्लॅट आणि सातबाऱ्यावर शेतकरी असतात, तसलाच प्रकार.) पण ती पत्रं वसाहतीतल्या जवळजवळ सगळ्या पेपरांनी छापली. आमच्या संमतीशिवाय आमच्या खिशात हात घालायचा अधिकार पार्लमेंटला नाही, हे लोकांना कायद्याच्या भाषेत कुणी पटवलं असेल तर ह्या माणसानं. तेव्हा पुढे जाहीरनामा लिहिणारा जेफरसन पंचविशीतला पोरगा होता, त्याचं नाव कुणाला माहीत नव्हतं.

आणि हा म्हणे घाबरला.

१७७५ साली लढाई सुरू झालेली असतानाही डिकिन्सन म्हणत होता की राजाला एकदा शेवटचा अर्ज करून बघू. अर्ज लिहिलाही त्यानंच. स्वातंत्र्यासाठी घाई करणारा जॉन ॲडम्स (पुढे राष्ट्राध्यक्ष झाला तो) त्यामुळे इतका वैतागला की एका खासगी पत्रात त्यानं लिहिलं, इस्टेट मोठी पण अक्कल किरकोळ, असला हा माणूस. पत्र इंग्रजांच्या हाती लागलं, त्यांनी मुद्दाम छापलं. (आजच्या भाषेत स्क्रीनशॉट व्हायरल.) पुढे सप्टेंबरात फिलाडेल्फियाच्या चेस्टनट स्ट्रीटवर दोघं समोरासमोर आले, कोपराला कोपर लागेल इतके जवळ. ॲडम्सनं टोपी काढून मान लववली. डिकिन्सन मान ताठ ठेवून निघून गेला. ॲडम्सनं रात्री डायरीत हे सगळं नोंदवलंय, शाळेतल्या पोरानं बाईंकडे तक्रार करावी तसं.

आता ॲडम्स इथे बरोबरच होता म्हणा. राजानं तो अर्ज हातातसुद्धा घेतला नाही. कबूल.

पण ती टोपीची गोष्ट मी वाचली तेव्हा मला सोलापूरचा एसटी स्टँड दिसला. अण्णांचे एक मित्र होते, रोज संध्याकाळी आमच्याकडे चहाला यायचे, मला चिंचेच्या गोळ्या आणायचे. सभेनंतर आठवड्याभरानं आम्ही तिघं स्टँडबाहेर समोरासमोर आलो. अण्णा म्हणाले, "काय राव." ते गृहस्थ उसाच्या गाड्याकडे बघत निघून गेले. अण्णांच्या हातात पिशवी होती, ती त्यांनी उगाचच एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मला अजून ती पिशवी आठवते. वायरची, निळी-पिवळी.

एक जुलै १७७६. काँग्रेसमध्ये, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेत, डिकिन्सन बोलायला उभा राहिला. त्याला चांगलं ठाऊक होतं की या भाषणानं आपली उरलीसुरली लोकप्रियताही संपणार, आणि हे त्यानं सुरुवातीलाच बोलून टाकलं. म्हणणं काय होतं? तेरा वसाहतींचा आपसातला करार अजून झालेला नाही, फ्रान्स मदतीला येईल की नाही त्याचा पत्ता नाही, अशात जाहीरनामा काढणं म्हणजे कागदी होडीत बसून वादळात शिरणं. आधी घर बांधा, मग जुन्या घराला कुलूप लावा. आणि त्या कराराचा पहिला मसुदा त्या वेळी कोण लिहीत होतं? हाच 'भित्रा'.

आधी फंड जमवा. मग उतरू.

दोन जुलैला मतदान. प्रत्येक वसाहतीला एकच मत, ते तिच्या प्रतिनिधींच्या बहुमतानं ठरायचं. पेनसिल्व्हेनियाचे सात जण, डिकिन्सन त्यांतलाच. डिकिन्सन आणि रॉबर्ट मॉरिस आत बसून विरोधात मत देते तर पेनसिल्व्हेनिया चार विरुद्ध तीन अशी 'नको' म्हणाली असती. दोघं बाजूला राहिले. तीन विरुद्ध दोन, पेनसिल्व्हेनिया 'हो'. स्वतःला पटत नाही म्हणून मत द्यायचं नाही, पण आपल्या हटापायी सगळ्यांचं गाडंही अडवायचं नाही. हे माइकवरून "मग!" म्हणण्याइतकं सोपं आहे का हो?

त्याच दिवशी आमच्या केंट काउंटीचाच सीझर रॉडनी रात्रभर पावसात घोडा दामटत फिलाडेल्फियाला पोचला आणि त्यानं डेलावेअरचं मत फिरवलं. छान गोष्ट आहे, नाही कोण म्हणतं. १९९९ च्या डेलावेअरच्या क्वार्टरवर त्याचा घोडा आहे. घोडा दौडवला की नाण्यावर जागा मिळते. खुर्ची रिकामी ठेवणाऱ्याचं चित्र काढायचं कसं?

आणि मग काय केलं ह्या घाबरटानं? ज्यांना जाहीरनाम्यावर सही करायची होती ते ऑगस्टात फिलाडेल्फियात सह्या करत होते, तेव्हा हा कर्नल डिकिन्सन आपली पलटण घेऊन न्यू जर्सीत एलिझाबेथटाऊनला उभा होता. समोर न्यूयॉर्कच्या खाडीत इंग्रजांचं आरमार. तो तिकडे असताना इकडे त्याला काँग्रेसमधून काढून टाकलं. कनिष्ठांना डोक्यावर बसवलं. त्यानं राजीनामा दिला, आणि नंतर डेलावेअरच्या मिलिशियात साधा शिपाई म्हणून बंदूक उचलली. कर्नलचा शिपाई! १७७७ साली इंग्रजांनी फिलाडेल्फियाजवळचं त्याच्या बायकोच्या माहेरचं घर, फेअरहिल, जाळून टाकलं. इंग्रजांना बरोबर कळत होतं तो कुणाच्या बाजूचा आहे. आमच्या प्रश्नमंजुषेला कळत नाही.

अण्णांचं सांगायचं राहिलं. संप सुरू झाला त्या सकाळी अण्णा नेहमीच्या वेळी उठले, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. आईला वाटलं, हे कामावर निघाले. ती काहीच बोलली नाही, डबा भरून दिला. अण्णा कचेरीपर्यंत गेले आणि फाटकाबाहेरच्या मांडवात सतरंजीच्या कडेला जाऊन बसले. कुणी सरकून जागा दिली नाही. डबा तिथंच खाल्ला. दुसऱ्या दिवसापासून मांडवातला पाण्याचा माठ भरायचं काम त्यांनी घेतलं, कारण ते कुणाला मागावं लागत नव्हतं. चोपन्न दिवस चालला तो संप. चोपन्न दिवस मस्टरवरही सही नाही, पगार नाही. ठरावावर झोकात सह्या करणाऱ्यांतले दोघं दहाव्या दिवशी मागच्या दारानं कामावर गेले. नावं मला माहीत आहेत. सांगणार नाही, त्यांची मुलं इथं फ्रेंडलिस्टमध्ये आहेत.

आता तुम्ही म्हणाल, एवढं गुणगान कशाला, गुलाम होते ना त्याच्याकडे? होते. आणि इथे मात्र माझी बोलती बंद होते, कारण हे मला मनापासून चीड आणणारं आहे. एका काळी केंट काउंटीतल्या सगळ्यात मोठ्या गुलाममालकांपैकी एक होता तो. त्याच बारा पत्रांमध्ये ह्यानं लिहिलंय की संमतीशिवाय कर भरावा लागतो म्हणजे आपण गुलाम आहोत. अरे, तुझ्या शेतात खरे गुलाम गहू कापत होते तेव्हा! लाज वाटली नाही लिहिताना? १७७७ साली सोडलं त्यांना, पण कसं, तर अजून एकवीस वर्षं राबा, मग मोकळे. वकिली डोकं! बिनशर्त सोडायला १७८६ उजाडलं. जेफरसननं आयुष्यात सहाशेच्या वर माणसं बाळगली आणि मोजकी सोडली, त्यामानाने हा बरा, असं म्हणता येईल. पण 'त्यामानाने बरा' हे शब्द मला लिहितानाही आवडत नाहीत. आणि ॲडम्सनं एकही गुलाम कधी ठेवला नाही, हेही लिहायलाच हवं, मनात नसलं तरी.

२०२१ साली त्याच जमिनीवर राबणाऱ्यांचं दफनस्थान सापडलं. मी गेले होते नंतर. सपाट शेत आहे. नाव नाही, दगड नाही. वरून शेजारच्या तळावरची हवाई दलाची भलीमोठी विमानं इतकी खालून जातात की कानात बोटं घालावी लागतात. त्या लोकांना कुणी कसली सही विचारली होती? मी तिथं अर्धा तास उभी होते आणि डिकिन्सनबद्दल एक चांगला शब्द मनात आला नाही.

तरी तो भित्रा नव्हता. दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात एकत्र राहतात, त्याला मी काय करू.

आणि सहीचंच विचारता ना? मग ऐका. १७८७ साली राज्यघटना लिहिली गेली तेव्हा डिकिन्सन डेलावेअरचा प्रतिनिधी होता. शेवटी शेवटी तब्येत बिघडली, घरी निघून यावं लागलं. त्यानं डेलावेअरचाच दुसरा प्रतिनिधी जॉर्ज रीड याला कळवलं, माझ्या नावानं तू सही कर. रीडनं केली. घटनेखाली एकोणचाळीस नावं आहेत आणि हात अडतीस. म्हणजे दोन्ही सह्यांच्या वेळी हा हजर नव्हता, तरी एका कागदावर त्याची सही नाही आणि दुसऱ्यावर आहे. घाला हा प्रश्न पुढच्या वर्षी, बघू किती जणांना येतो.

लिहिता लिहिता राग उतरला थोडा. चिंचेच्या गोळ्यांवाले काका अण्णांच्या दहाव्याला आले होते. अंगणात खुर्ची दिली तर बसले नाहीत, सतरंजीवर कडेला बसले. काही बोलले नाहीत. मीही नाही. जाताना माझ्या हातात वर्तमानपत्राची पुडी दिली. तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची होते.

माइकवाल्या दादांनी मनावर घेऊ नये, वडापाव उत्तम होते. पण सातव्या प्रश्नाचे आमच्या टीमचे पाच गुण द्या, आमचा दुसरा नंबर दोन गुणांनी गेलाय. आणि हो, कणसं खरंच गार झाली होती.