खटक्यावर पाय, जाग्यावर पलटी

कोल्हापुरात बिघडलेली वस्तू फार वेळ बिघडलेली राहू शकत नाही. मोटारसायकल रस्त्यात फुरफुरून बंद पडली की अनोळखी माणसं आपणहून थांबतात. एक जण प्लग काढतो, दुसरा त्यावर फुंकर मारतो आणि तिसरा 'कार्बोरेटर बघा की' असं सांगून निघून जातो. घरटी एक माणूस तरी उद्यमनगरात, शिरोलीत नाहीतर गोकुळ शिरगावात कारखान्यात कामाला असतो किंवा होता. माणूस रिटायर होतो, त्याचा पाना होत नाही. अशा गावात राहून मी गिटारचा आवाज मुद्दाम बिघडवणारी यंत्रं घरी बनवण्याचा छंद लावून घेतला आहे.

यंत्र म्हणजे पेडल. गिटार आणि अँप्लिफायर यांच्या मध्ये ठेवायचा एक धातूचा डबा. वर दोन नॉब आणि एक दणकट बटण. बटण पायानं दाबलं की सरळ चाललेल्या सुरांचा नूरच पालटतो. आमच्याकडे 'खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी' म्हणतात, तेच. फक्त बोटाच्या जागी पाय. पेडलं नाना तऱ्हेची असतात. कुणी आवाज घुमवतं, कुणी डोलवतं. माझा जीव मात्र फझवर जडला. फझ आवाज फाडतं, आणि हे कोल्हापुरात कुणाला समजावून सांगणं म्हणजे पोलीस चौकीत जाऊन 'माझी सायकल चोरीला जाईल अशी व्यवस्था करा' म्हणण्यापैकी आहे.

खरं तर या फाटक्या आवाजाचा जन्मच बिघाडातून झाला. १९६०-६१ च्या सुमाराला अमेरिकेत नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत रेकॉर्डिंग चालू असताना मिक्सरच्या एका चॅनेलमध्ये दोष आला आणि ग्रेडी मार्टिन या वादकाच्या बास गिटारचा आवाज करकरत, चिरफाळत बाहेर पडला. रेकॉर्डिंग करणारे ग्लेन स्नॉडी यांनी तो तसाच ठेवला. गाणं गाजलं. मग इतर कलाकार 'आम्हालाही तोच आवाज पाहिजे' म्हणत येऊ लागले, तोवर तो भाग पुरता निकामी झाला होता. तेव्हा स्नॉडींनी तोच बिघाड ट्रान्झिस्टर वापरून पुन्हा घडवून आणला आणि गिब्सन कंपनीनं १९६२ मध्ये 'माएस्ट्रो फझ-टोन' या नावानं तो डब्यात घालून विकायला काढला. आता विचार करा, तो मिक्सर नॅशव्हिलऐवजी शाहूपुरीत असता तर? चहा यायच्या आत कुणीतरी तो उघडून, डाग देऊन, ठाकठीक करून दिला असता. पुढचं अर्धं रॉक संगीत तिथंच संपलं असतं.

मी बनवायला घेतलं ते फझ फेस. मूळ पेडल १९६६ चं, आर्बिटर या इंग्रजी कंपनीचं. आत दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि नॉबखालचे दोन पॉट. सगळे मिळून ११ भाग. हा आकडा मी घरात उत्साहानं सांगितला, त्याचा पुढे फार त्रास झाला. आमच्या आबांनी सगळी हयात ऑइल इंजिनं उघडण्यात आणि बसवण्यात घालवली. माझ्या टेबलाशी येऊन ते रोज विचारायचे, "किती झालं रं? अकरातलं किती राह्यलं?"

अडलं होतं ते ट्रान्झिस्टरवर. ते जर्मेनियम या मूलद्रव्याचे लागतात, आणि जर्मेनियमचा जमाना जाऊन कैक वर्षं झाली. गावातल्या दुकानदारानं 'एलईडी टीव्हीचा पार्ट असंल तर सांगा' म्हणून माझी बोळवण केली. पुण्याच्या तपकीर गल्लीतही दुकानदार एकमेकांकडे बोट दाखवत राहिले. शेवटी कुरिअरनं मागवले. नंबर बरोबर, पत्र्याची टोपी बरोबर. पण मल्टिमीटर लावला तर जर्मेनियमचा माल दाखवतो ०.२ ते ०.३ व्होल्ट आणि हे दाखवत होते ०.६५. म्हणजे साधे सिलिकॉनचे, जुना नंबर रंगवलेले. विकणाऱ्यानं फोन उचलायचं बंद केलं.

मग कुणीतरी मंगळवार पेठेतल्या एका बोळातल्या मिस्त्रीकाकांचं नाव सुचवलं. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, दुकानात अजून लाकडी कॅबिनेटचे रेडिओ. मी एसी १२८ हा ट्रान्झिस्टरचा नंबर म्हटल्याबरोबर त्यांनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा पुढं ओढला. आत भारत इलेक्ट्रॉनिक्सची छाप असलेले ट्रान्झिस्टर. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

"कुठल्या रेडिओला घालायचेत?"

"रेडिओला नाही काका. गिटारचा आवाज फाडायचाय."

काकांनी चष्मा काढला. "फाटायलाय, तो नीट करायचाय न्हवं?"

"नाही. आत्ता साफ आहे. तो फाडायचाय."

"पैसं घालून?"

"हो."

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग पोराला म्हणाले, "चा सांग. साहेबास्नी बिनसाखरेचा सांग, शुगर वाढली की असं हुतंय."

माणूस मात्र कामाचा. एकाचा गेन, म्हणजे संकेत वाढवायची ताकद, ७० च्या आसपास आणि दुसऱ्याचा १२० च्या आसपास हवा, शिवाय करंट गळणारा नको, असं म्हटल्यावर त्यांनी दुपारभर एकेक नग मोजून जोडी लावून दिली. चांगले खणखणीत नग मी बाजूला सारत होतो, त्याचं दुःख त्यांना लपवता आलं नाही.

आता डबा. परदेशी तयार डबा मिळतो, अॅल्युमिनियमचा, तळहाताएवढा. पण घराजवळ अख्खं उद्यमनगर असताना डबा कॅनडाहून मागवायचा? जिवाला पटेना. लेथवाल्या मामांना कागदावर माप काढून दिलं. त्यांनी व्हर्नियर लावून माझी रेघ मोजली आणि विचारलं, "टॉलरन्स किती धरू?"

"मामा, डबा आहे. पाय ठेवायचाय त्याच्यावर."

'पाय ठेवायचा' हे ऐकून त्यांनी जे मनावर घेतलं! पाच एमएमच्या प्लेटा कापून वेल्डिंग केलेला, कडा ग्राइंडरनं गोल केलेला, खाली चार बोल्टांचं झाकण आटे पाडून बसवलेला तो ऐवज घेऊन मी घरी आलो, तेव्हा रिक्षावाल्यानं 'बॅटरी हाय का?' म्हणून विचारलं. रंग हिरवा, पाण्याच्या इंजिनाला मारतात तो. यावर मी गप्प बसलो, कारण इबानेझचं ट्यूब स्क्रीमर हे पेडलही हिरवंच असतं. "ट्रक घाला वरनं, काय हुईत न्हाई," मामा म्हणाले होते. सोसायटीतल्या एका दारात काही महिने तो डबा पाचर म्हणून वापरला गेला. तिथं त्यानं जे काम केलं, त्याचं मात्र घरच्यांनी कौतुक केलं.

आतलं सर्किट तोवर उघड्या बोर्डावर वाजत होतं आणि त्याची वेगळीच तऱ्हा. जर्मेनियमला उकाडा सोसत नाही. तापमान दहा अंशांनी वाढलं की गळणारा करंट साधारण दुप्पट होतो. दुसऱ्या ट्रान्झिस्टरवर साडेचार व्होल्ट यायला हवेत, ते भलतीकडे सरकतात आणि आवाज गुदमरतो. एप्रिलात आमचं पेडल पहाटे सुरेख वाजायचं, दहाला कुरकुरायचं, दुपारी दोनला नुसते आचके द्यायचं. म्हणून वाजवायच्या आधी मी ते फ्रिजमध्ये ठेवू लागलो. आईनं दुधाच्या पातेल्याशेजारी वायरींचं ते गबाळ पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "खायचं हाय का?"

शेजारचे आजोबा देवल क्लबातल्या मैफली ऐकत म्हातारे झालेले. त्यांना मी घाबरून होतो. एका पहाटे ते दार वाजवून आत आले, खुर्चीवर बसले आणि 'पुन्हा वाजवा' म्हणाले. मी तार छेडली, पाय दाबला. ते डोळे मिटून ऐकत राहिले. "अहो, ही जवारी काढल्यासारखी वाटते. ब्रिजवर दोरा सरकवतो ना आपण तंबोऱ्याचा, तेव्हा तार अशीच झणाणते. मिरजेचे कारागीर त्याच्यासाठी दिवस घालवतात." मी भारावून पाया पडलो. "फक्त तंबोरा सुरात असतो," ते उठता उठता म्हणाले. पेडल फक्त सकाळीच चांगलं वाजतं, हे कळल्यावर त्यांनी त्याला परस्पर सकाळच्या भैरव रागात टाकलं. दुपारी आवाज आला की भिंतीवर टकटक व्हायची: "वेळ चुकली!"

आणखी एक भानगड होती. फझ कसलाही बारीक संकेत प्रचंड मोठा करतं, गिटारची लांब केबल एरियलचं काम करते आणि जर्मेनियमचा जोड आयता रेडिओ पकडतो. संध्याकाळी नॉब पूर्ण फिरवला की त्या करकरीतून सांगली आकाशवाणी ऐकू यायची. इनपुटला एक चिमुकला कपॅसिटर लावला की हे थांबतं. तो मी हातात घेतला होता, तोच आई म्हणाली, "राहू दे की. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा त्यातनं काय तरी कामाचं आलंय." हळदीचा भाव लागला होता. या यंत्रातला घरच्यांनी आनंदानं स्वीकारलेला हा एकमेव बिघाड.

तर अखेर सगळं त्या हिरव्या डब्यात बसलं. मी समाधानानं कामावर गेलो. संध्याकाळी येऊन पाय दाबला, तर गिटार जशीच्या तशी, साफ. पुन्हा दाबला. आणखी साफ. आबा दारात उभे होते, चेहऱ्यावर शाबासकीची वाट.

"अर्थिंगला बॅटरीचा प्लस जोडला हुतास, लेका. म्हटलं कायतरी घोळ हाय. मिस्त्रीकडं नेऊन नीट करून आणलं."

हे ट्रान्झिस्टर पीएनपी जातीचे, त्यात प्लसच जमिनीला जातो, आणि जुन्या रेडिओतही तसंच असायचं, म्हणून तेवढ्या मुद्द्यावर मिस्त्रीकाकांनी मला निर्दोष सोडलं होतं. बाकी मात्र सगळी सफाई केली होती. नवे सिलिकॉन ट्रान्झिस्टर टाकून गेन उतरवला होता, खरखर जायला दोन कपॅसिटर वाढवले होते, आणि जर्मेनियमची ती लाखमोलाची जोडी परत बिस्किटांच्या डब्यात गेली होती. मजुरीसुद्धा घेतली नव्हती. मी परत मागायला गेलो तेव्हा त्यांनी जोडी माझ्या हातावर ठेवली खरी, पण असा चेहरा करून, की रुग्ण दवाखान्यातून पळून चाललाय.

त्यानंतर गणपती आले. मंडळाच्या सांस्कृतिक कार्यक्रमात मला पाच मिनिटं मिळाली. रात्रीची वेळ, पाऊस पडून गेलेला, जर्मेनियमला याहून चांगली हवा मिळणार नव्हती. मी एक स्वर धरला आणि त्या पाच एमएमच्या प्लेटवर पाय मारला. जो काही आवाज फाटला! इतक्या महिन्यांनी मनासारखा, लांब, भरदार. मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा डॉल्बीवाला पोरगा स्टेजवर धावत आला होता. त्यानं माझी केबल उपटली, दुसरी लावली. आवाज तसाच. त्यानं चॅनेल बदललं. तसाच. दुसरा पोरगा स्पीकरच्या जाळीला कान लावून ओरडला, "स्पीकरचा कोन गेला रं, कोन!" प्रेक्षकांतून दोघे-तिघे बाह्या सारत उठले. कुणी अर्थिंग बघा म्हणालं, कुणी जनरेटर बंद करायला पळालं. मी माइकवर सांगत होतो की आवाज बरोबर आहे, असाच पाहिजे, पण माइकही तोवर दुरुस्तीला काढला होता. एवढ्यात तिसऱ्या रांगेतून मिस्त्रीकाका उभे राहिले आणि सगळ्या मंडळाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"मी नीट करून दिलं हुतं! ह्यानंच परत बिघडवलंय!"