घाबरट पोरं नाहीत, टाइमशीट बघा

आयटीवाल्यांच्या ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचा सारांश असा: भारतीय आयटी सेवा कंपन्यांत (म्हणजे इंजिनिअरचे तास परदेशी क्लायंटला विकणाऱ्या) नवं काही घडत नाही, कारण आपली पोरं मार्कांच्या शर्यतीत वाढलेली, जोखमीला घाबरणारी. मानसिकता बदला, हॅकेथॉन (दोन-एक दिवसांत काहीतरी नवं बनवायची स्पर्धा) भरवा, गूगलसारखा वीस टक्के वेळ मोकळा द्या, की इनोव्हेशन आलंच. खाली टाळ्यांच्या इमोजींचा पाऊस.

'काहीच घडत नाही' हे तर सरळ खोटं आहे. पुण्यात टीसीएसची टीआरडीडीसी ही संशोधन संस्था कंपनीचे तेव्हाचे प्रमुख फकीरचंद कोहली यांनी 1981 मध्ये उभी केली. आराखड्यावरून (मॉडेलवरून) आपोआप कोड तयार करणारं मास्टरक्राफ्ट हे सॉफ्टवेअर तिथलंच. भाताच्या तुसाच्या राखेचा पाणी गाळणारा फिल्टरही तिथलाच. 2009 मध्ये बाजारात आलेल्या 'टाटा स्वच्छ' या घरगुती फिल्टरचं मूळ त्या कामात आहे. सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रयोगशाळेत पाण्याचा फिल्टर! पण ती माणसं क्लायंटला तासांवर विकलेली नव्हती, हे लक्षात घ्या. बँकांचा कारभार चालवणाऱ्या फ्लेक्सक्यूब या सॉफ्टवेअरचंही तसंच. सिटी बँकेने 1992 मध्ये सॉफ्टवेअर सेवेच्या कंपनीतून उत्पादनाचं काम बाजूला काढून वेगळी कंपनी केली. तीच पुढे फ्लेक्सक्यूब बनवणारी आय-फ्लेक्स झाली आणि 2005 मध्ये ओरॅकलने तिच्यातला मोठा हिस्सा घेतला. माणसं इथलीच, मार्कांच्या त्याच शर्यतीतली.

मग पोरं घाबरट, हा मुद्दा. मी पाहिलेला एक सपोर्ट प्रोजेक्ट सांगतो. बँकिंग क्लायंट, आठ जणांची टीम. महिनाअखेरीला एक जॉब (संगणकावर आपोआप चालणारं काम) हमखास बंद पडायचा, कारण एका शाखेकडून येणाऱ्या फाइलमध्ये तारीख उलटी असायची. रात्री दोनला कुणीतरी उठून ती हाताने दुरुस्त करायचं, जॉब पुन्हा चालवायचा, तिकीट (बिघाडाची नोंद) बंद. दोन वर्षं अनुभव असलेल्या एका मुलीने शनिवार-रविवार बसून ती दुरुस्ती आपोआप करणारी स्क्रिप्ट लिहिली. मग तिने अशीच आणखी चार-पाच कामं मार्गी लावली. तिकिटं धडाधड कमी झाली. पुढच्या तिमाहीत क्लायंटने विचारलं, आठ माणसं कशाला, सहा पुरेत की! दोघं बेंचवर गेली, म्हणजे बिल न लागणारी, बिनकामाची झाली; डिलिव्हरी मॅनेजरचं रेव्हेन्यूचं टार्गेट हुकलं आणि अप्रेझलमध्ये तिला मिळालं तेच मधलं, बेल कर्व्हच्या पोटातलं, म्हणजे बहुतेकांना मिळतं ते रेटिंग. करारानुसार स्क्रिप्ट क्लायंटच्या मालकीची, त्यामुळे दुसऱ्या प्रोजेक्टवर नेण्याचीही सोय नाही. टीममधल्या बाकीच्यांनी यातून काय धडा घेतला असेल? त्याला भित्रेपणा म्हणायचं असेल तर म्हणा. मला ते चोख गणित वाटतं.

आता तो वीस टक्के वेळ. गूगलची मुख्य कमाई जाहिरातींची, इंजिनिअरच्या तासांची नव्हे. टाइम अँड मटेरियलच्या, म्हणजे तासांवर बिल लावायच्या करारात आठवड्यातला एक दिवस मोकळा ठेवायचा तर त्या दिवसाचं बिल कुणाच्या नावावर फाडणार? युटिलायझेशन (बिल लागणाऱ्या तासांचं प्रमाण) घसरलं की मॅनेजरला वरून फोन येतो. मग 'मोकळा वेळ' शनिवारी सरकतो, म्हणजे पोरांच्याच खिशातून जातो.

हॅकेथॉनबद्दल फार लिहीत नाही. टी-शर्ट मिळतो, फोटो लिंक्डइनवर चढतो, सोमवारी जिंकलेला डेमो कुणीच उघडत नाही. कारण त्याला ना बजेट कोड (खर्च टाकायचं खातं) असतो, ना वाली.

करायचंच असेल तर करारापासून सुरुवात करा. तासांऐवजी निकालावर पैसे घ्या. किंवा तास वाचले तर बचतीचा ठरलेला वाटा कंपनीला मिळेल, असं कलम घाला. क्लायंटच्या डेटाला हात न लावणारी, सर्वसाधारण उपयोगाची साधनं आपल्याकडे राहतील, हेही सही करण्याआधीच लिहून घ्या. आणि मॅनेजरला टीमच्या आकारावर जोखणं थांबवा. एआयमुळे तास तसेही घटणार आहेत आणि क्लायंट आतापासूनच सवलत मागू लागलेत. तेव्हा हे कलम कराराच्या पुढच्या रिन्यूअलला घालायचं की त्यानंतरच्या, एवढाच प्रश्न उरतो, आणि तो सेल्सवाल्यांना विचारायचा आहे. त्या मुलीला नाही.